काळ्या मातींतील फटफटी

हिंगोली जिल्ह्यांत बैलगाडीचें पुष्कळसें काम आतां मोटारसायकलीनें उचललें आहे. वसमतच्या बाजारास जाणारें हळदीचें पोतें, दुधाचे कॅन, खताची गोणी, कडब्याच्या पेंढ्या, दवाखान्यांत न्यावयाचा म्हातारा, शाळेंत पोंचवावयाचीं दोन मुलें, आणि हें सारें वाहून उरलेल्या वेळांत स्वतः धनी, असा या दोन चाकांचा प्रपंच आहे. शहरांतील नोकरदारांची गोष्ट निराळी नाहीं. हिंगोलीस बिऱ्हाड आणि सेनगांव, कळमनुरी किंवा औंढा तालुक्यांतील खेड्यांत नोकरी, असे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचे कारकून आणि आरोग्यसेविका रोज सकाळीं जातात व दिवस मावळतां परततात. एस.टी. फाट्यावर उतरवून देते. फाट्यापासून गांव तीनचार किलोमीटर आंत असतें, आणि तेवढ्यासाठीं सारा प्रवासच फटफटीवर करावा लागतो. दिवेलागणीनंतर ओळखीच्या इंजिनाचा आवाज अंगणांत आला म्हणजे घरांतील माणसें निर्धास्त होतात.

नवी गाडी घेतांना तिच्याबरोबर एक छोटें पुस्तक मिळतें. तें बहुतेक घरांत विम्याच्या कागदांबरोबर कपाटांत बंद होतें. ज्यांनीं तें उघडून पाहिलें असेल त्यांना त्यांत एक कोष्टक आढळलें असेल. अमुक किलोमीटरनंतर ऑइल बदलावें, अमुकनंतर चेन पाहावी, अमुकनंतर हवेचा फिल्टर नवा घालावा. त्या कोष्टकाच्या आसपास बारीक अक्षरांत एक टीप असते. धुळीच्या किंवा चिखलपाण्याच्या प्रदेशांत गाडी चालत असेल तर हींच कामें अधिक वेळां करावीं, असा तिचा आशय. हिंगोलीकरानें कोष्टक बाजूस ठेवून ती टीपच तेवढी मनावर घेतली तरी त्याचें काम होईल. कोष्टक रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें डांबरी सडक, एक चालक आणि फार तर मागें एक माणूस, एवढेंच चित्र असतें. येथें सडक अर्ध्या वाटेवर संपते, आणि मागें कोण व काय बसेल याचा नेम नाहीं.

सडक संपते तेथें काळी माती लागते. दख्खनच्या लाव्हापासून झालेला खडक झिजून बनलेली ही जमीन कापसाला, सोयाबीनला व हळदीला जितकी मानवते तितकीच ती चाकाला वैरीण आहे. हिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि एकमेकांस व इतर वस्तूंस घट्ट चिकटतात. उन्हाळ्यांत याच जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस झाल्यावर पाणंदीनें दोनशें पावलें गेलें कीं माती टायरला धरते, टायर ती वर नेतो, आणि मडगार्ड व टायर यांच्यामधील दोन बोटांच्या जागेंत ती थरावर थर बसत जाते. शेवटीं पुढचें चाक फिरेनासें होतें. चालकास वाटतें कीं इंजिनाची शक्ति कमी पडली. तो आणखी मूठ पिळतो, आणि मागचें चाक जागच्या जागीं गरगर फिरूं लागून क्लच जळल्याचा वास येतो. अशा वेळीं करावयाचें काम एकच, तें म्हणजे खालीं उतरणें. बाभळीची किंवा बांबूची चपटी, वीतभर लांबीची कामटी सीटखालीं किंवा डिकींत सदैव ठेवावी. तिनें माती उकरून काढावी, चाक हातानें फिरवून पाहावें, आणि मगच पुढें जावें. लोखंडी सळईनें हें काम लवकर होतें खरें, पण टायरची बाजू व ब्रेकची केबल दुखावते.

या त्रासाला कंटाळून पुष्कळ लोक पुढचें मडगार्ड काढूनच टाकतात. चाक अडकण्याचें थांबतें यांत शंका नाहीं. परंतु टायरनें उडविलेला चिखल मग दोन ठिकाणीं जातो, चालकाच्या डोळ्यांत आणि इंजिनावर. लहान मोटारसायकलींचें इंजिन वाऱ्यानें थंड होतें. त्याच्या अंगावर ज्या पातळ पातळ पट्ट्या दिसतात त्या शोभेसाठीं नसून उष्णता बाहेर टाकण्यासाठीं आहेत. त्यांच्या फटींत चिखल बसून वाळला म्हणजे ऐन तापाच्या रोग्यास घोंगडी पांघरल्यासारखें होतें. आंतील ऑइल पातळ पडतें, ओढ कमी होते, आणि दोष पेट्रोलवर जातो. त्यापेक्षां मडगार्ड राहूं द्यावें, पावसाळ्यापुरतें मिस्त्रीकडून तें जमत असल्यास थोडें वर घ्यावें, आणि इंजिनाच्या पट्ट्या दर आठवड्यास साध्या पाण्यानें व जुन्या दांतांच्या ब्रशानें साफ कराव्या. हें काम इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावें.

धुण्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्व्हिसिंगच्या दुकानांत जोराच्या फवाऱ्यानें गाडी दोन मिनिटांत लख्ख करतात व मालक खूष होतो. पण तोच जोर चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस धुऊन नेतो, आणि विजेच्या जोडांत पाणी घालतो. काळी माती भिजल्यावर आपोआप सुटते. गाडीवर हळू पाणी सोडून दहा मिनिटें थांबावें, मग पुन्हां पाणी घालून चिंधीनें पुसावें. धुतल्यानंतर गाडी ब्रेक हलके दाबीत थोडी चालवून आणावी, कारण ड्रममध्यें शिरलेलें पाणी निघेपर्यंत ब्रेकचे लायनर पकड घेत नाहींत. पहिल्याच वळणावर हें कळण्यापेक्षां घरासमोर कळलेलें बरें.

चेन हा या गाडीचा सर्वांत कष्टाळू व सर्वांत उपेक्षित भाग होय. साध्या गाड्यांत ती पत्र्याच्या पेटींत झांकलेली असते, आणि जें दिसत नाहीं त्याची आठवण होत नाहीं. त्या पेटीला खालच्या बाजूस बहुधा एक रबरी बूच असतें. तें काढून बोटानें चेन वरखालीं हलवून पाहावी. बऱ्याच गाड्यांत हा हेलकावा दोन ते तीन सेंटीमीटर असावा लागतो. आपल्या गाडीचा नेमका आंकडा पुस्तकांत पाहावा. चाक फिरवून तीनचार जागीं तो तपासावा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाहीं. सैल चेन खडखड आवाज करते म्हणून ती सर्वांच्या लक्ष्यांत येते. घट्ट चेन मात्र आवाज करीत नाहीं, आणि म्हणून मिस्त्रीनें ती ताणून दिली कीं गिऱ्हाइकास समाधान वाटतें. येथेंच हिंगोलीच्या ओझ्याचा प्रश्न येतो. मागें वजन पडलें म्हणजे मागचा चिमटा वर सरकतो, आणि इंजिनाची चक्री, चिमट्याचा खिळा व चाकाचा आंस हे तिन्ही एका रेषेंत येऊं लागतात. त्या स्थितींत चेनीला सर्वांत अधिक लांबी लागते. रिकाम्या गाडीवर ताणून बसविलेली चेन दोन पोतीं चढतांच धनुष्याच्या दोरीसारखी होते. ती तुटली नाहीं तरी इंजिनाच्या व चाकाच्या बेअरिंगांस रोज ओढून खाते. तेव्हां मिस्त्रीनें चेन घट्ट केल्यावर दोन माणसांना गाडीवर बसवून पुन्हां एकदां हेलकावा पाहण्यास सांगावें. तो हंसेल, पण पाहील.

चेनीला बाहेरून जाड ग्रीस फांसण्याची चाल फार आहे. ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची कानशीसारखी लुगदी होते. ज्या ठिकाणीं खरी झीज असते तें ठिकाण रोलरच्या आंत आहे, तेथें तें पोंचतहि नाहीं. आधीं रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या ब्रशानें चेन स्वच्छ करावी, पुसून कोरडी करावी, मग नव्वद नंबरचें गिअर ऑइल आंतल्या बाजूनें थेंब थेंब सोडावें व अर्ध्या तासानें वरचें जास्तीचें पुसून घ्यावें. पावसाळ्यांत हें आठवड्यास एकदां झालें पाहिजे. हें करतांना गाडी मेन स्टँडवर असावी, इंजिन बंद असावें, गिअर न्यूट्रलमध्यें असावा आणि चाक हातानें फिरवावें. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनीला चिंधी लावण्याची जी रीत दिसते ती घेऊन किती बोटें गेलीं हें कोणत्याहि हाडांच्या दवाखान्यांत विचारावें. चिंधी आधीं अडकते, आणि चिंधीच्या मागोमाग हात जातो.

वस्त्रानें माणसास ओढून नेण्याचा हाच प्रकार मागच्या चाकाशीं होतो, आणि त्याचें संकट बहुतेक स्त्रियांवर येतें. नऊवारी किंवा पांचवारी नेसलेली बाई एका अंगानें मागें बसते. पदर वाऱ्यानें उडून चाकाच्या तारांत सांपडला म्हणजे एका क्षणांत ती मागें खेंचली जाते व डोकें सडकेवर आदळतें. ओढणीची गोष्ट याहून वाईट, कारण ती गळ्याभोंवतीं असते. हें ओळखूनच 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमानें मोटारसायकलीला तीन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. मागच्या माणसास धरावयास मूठ, पाय टेकावयास पायदान, आणि मागचें चाक निम्म्याहून कमी नाहीं इतकें झांकील असें आडोशाचें साधन. या साधनासच बाजारांत साडी गार्ड म्हणतात. नव्या गाडीवर तें लागलेलें येतें. पुढें दुधाचे कॅन अडकविण्यासाठीं कोणी तें काढतो, तर कोणास तें गाडीच्या रूपाला शोभत नाहीं म्हणून तें काढावेंसें वाटतें. तरुण मुलांना ही दुसरी हौस विशेष. त्यांच्या आईस किंवा बहिणीस त्याच गाडीवर बसून औंढ्याला महाशिवरात्रीस जावयाचें असतें, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. गार्ड काढलेलें असेल तर तें परत लावून घेणें हें या लेखांत सांगितलेल्या सर्व कामांत सर्वांत स्वस्त व सर्वांत निकडीचें काम आहे. लहान मुलाची टांच चाकाच्या तारांत जाऊन सोलून निघते, तोहि अपघात या पत्र्यानें बराचसा टळतो. पदर बसण्यापूर्वींच पुढें घेऊन मांडीखालीं दाबावा, ओढणी कमरेस बांधावी. पुरुषांच्या गळ्यांतील उपरण्याचीं टोकें व सुटा, घोळदार रेनकोट यांनाहि हाच नियम. पावसाळी कोट घ्यावयाचा तर सदरा व विजार असा दोन तुकड्यांचा घ्यावा.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा केला पाहिजे. 1935 च्या मे महिन्यांत इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हा पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत गाजलेला माणूस आपल्या घराजवळ मोटारसायकलीवरून जात होता. सायकलीवरील दोन मुलांना चुकवितांना तो पडला, डोक्यास मार लागला, आणि बेशुद्धींतच सहाव्या दिवशीं वारला. डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्या उपचारासाठीं ज्यांना बोलावलें होतें त्यांत ह्यू केर्न्स या नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. हा मृत्यु त्यांच्या मनांतून गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लष्कराचे निरोपे मोटारसायकलीवरून जातां-येतां मोठ्या संख्येनें मरत होते. केर्न्स यांनीं त्यांच्या जखमांचा अभ्यास करून 1941 साली आपला निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध केला, आणि पुढें ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचें केलें. सक्तीला तेव्हांहि विरोध झालाच असेल. डोकें झांकण्याचा कंटाळा ही कांहीं मराठवाड्याचीच खासियत नव्हे.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 129 वें कलम चालक व मागें बसणारा या दोघांनाहि हेल्मेट सांगतें. 1 जून 2021 पासून भारतीय मानक संस्थेची खूण नसलेलें हेल्मेट विकणें हाच गुन्हा आहे. तरीहि सडकेच्या कडेला टोपल्यांतून विकलीं जाणारीं हेल्मेटें दिसतात, आणि पोलिसाच्या नजरेपुरतीं तीं घेतलीं जातात. खूण म्हणजे आय.एस.आय. चें चित्र व त्याजवळ आय.एस. 4151 हा आंकडा. परंतु नुसती खूण पाहून भागत नाहीं. हेल्मेटांत डोक्याला वांचविणारी वस्तु बाहेरचें चकचकीत कवच नसून आंतील थर्मोकोलसारखा कठीण थर आहे. आपटतांच तो थर दबतो आणि दबण्यांत धक्का खाऊन टाकतो. एकदां दबला कीं तो पुन्हां फुगत नाहीं. म्हणून ज्या हेल्मेटनें एक अपघात सोसला तें, बाहेरून अखंड दिसलें तरी, निकामी समजावें. त्याच्यावर पेट्रोलचें फडकें फिरवूं नये, साबणपाणी पुरे. विकत घेतांना तें डोक्यावर चढवून, पट्टा लावून, मागच्या बाजूनें वर ढकलून पाहावें. कपाळावर घसरून निघत असेल तर तें मोठें आहे. आणि पट्टा! शंभरांतील किती लोक तो लावतात हें कोणत्याहि चौकांत उभें राहून मोजावें. न लावलेलें हेल्मेट माणसाच्या आधीं जमिनीवर पोंचतें. कांचेवरील धूळ कोरड्या रुमालानें पुसल्यास बारीक चरे पडतात, ते दिवसा दिसत नाहींत, पण रात्रीं समोरच्या दिव्यानें प्रत्येक चरा पेटतो. ती पाण्यानेंच धुवावी, आणि धुऊनहि चरे दिसूं लागल्यास कांच बदलावी. हेल्मेट बदलण्याची गरज नाहीं.

लहान मुलांना पेट्रोलच्या टांकीवर बसविण्याची रीत तर सर्वत्र आहे. बाप मागें, म्हणजे मूल सुरक्षित, अशी समजूत. खरी गोष्ट उलट आहे. गाडी अचानक थांबली कीं बापाचें सगळें वजन त्या मुलावर येतें आणि मूल हँडलवर दाबलें जातें. नऊ महिने ते चार वर्षे वयाचें मूल मागें बसवावें, त्यास चालकाशीं जोडणारा पट्टा बांधावा, डोक्यास त्याच्या मापाचें हेल्मेट घालावें आणि गति ताशीं 40 किलोमीटरहून अधिक ठेवूं नये, असा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. चार वर्षांवरील मुलास हेल्मेट मोठ्यांप्रमाणेंच. कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणें चालकाखेरीज एकच माणूस बसूं शकतो, हें येथें सांगून ठेवतां येईल. घरांत चार माणसें व गाडी एक, तेथें तें कितपत ऐकलें जाईल हें सर्वांस ठाऊक आहे.

ओझें टळत नसेल तर निदान टायरला तें सांगावयास हवें. शंभर सी.सी. च्या साध्या गाडीला पुढें पंचवीस पौंडांच्या आसपास हवा लागते. मागच्या चाकाला मात्र दोन आंकडे दिलेले असतात. एकटा चालक असतांना अठ्ठावीसच्या जवळपास, आणि मागें माणूस असतांना त्याहून कितीतरी अधिक. आपल्या गाडीचे आंकडे चेनीच्या पेटीवर, चिमट्यावर किंवा पुस्तकांत छापलेले असतात. हवा भरणाऱ्या मुलाला हा दुसरा आंकडा कोणी सांगत नाहीं, आणि तोहि विचारीत नाहीं. हवा कमी आणि वजन अधिक असलें म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यांत दुमडतात व तापतात. मे महिन्यांत, सडकच तापलेली असतांना, टायर फुटण्याचें कारण बहुधा हेंच असतें. लोक मात्र उन्हाळा म्हणून हवा कमी भरतात! हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं किंवा एकदोन किलोमीटरच्या आंत तपासावी. तापलेल्या टायरांत कांटा चढलेला दिसला म्हणून ती सोडूं नये.

काळ्या मातीच्या वाटेनें येऊन अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गावर चढण्याचा क्षण विशेष जपण्याचा आहे. टायरच्या खांचा मातीनें बुजलेल्या असतात, आणि गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर सरकतो. मागून ट्रक येत असतात, म्हणून चालक घाईनें गति घेतो. शंभर पावलें कडेनें सावकाश जावें, दोन्ही ब्रेक एकदां हळूच दाबून पाहावे, मग गति घ्यावी. पुढचा ब्रेक दाबला कीं गाडी उलटते ही समजूत खेड्यांत पक्की आहे. कोरड्या डांबरावर थांबविण्याचें बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण थांबतांना सगळें वजन पुढें येतें. चिखलांत व वाळूंत मात्र तो जपून वापरावा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सी.सी. पर्यंतच्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडण्याची पद्धत सक्तीची झाली. तेव्हां पायानें दाबलेला ब्रेक पुढेंहि कांहीं अंशीं लागतो, आणि त्याची केबल ढिली असल्यास ही सोय फुकट जाते. ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबला असतां तो खुणेपर्यंत पोंचला, म्हणजे आंतील लायनर संपले. आंत शिरलेली काळी माती त्यांना वेळेपूर्वींच संपविते.

ऑइलचें थोडक्यांत सांगतां येईल. मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरतें. मोटारगाडीचें ऑइल भारी व महाग म्हणून कोणी फटफटींत घालतात. त्यांतील निसरडेपणाचीं औषधें क्लचच्या चकत्यांना घसरवितात. डब्यावर जासो एम.ए. ही अक्षरें पाहून घ्यावें. लहान इंजिनांत ऑइल लिटरभराच्या आंतबाहेर असतें, त्यांतील पावशेर कमी झालें तरी मोठी तूट पडते. म्हणून पंधरा दिवसांनीं मापकाठी किंवा कांचेची खिडकी पाहावी. हवेच्या फिल्टरचे हाल मात्र येथें दोन हंगामांत होतात. ऑक्टोबरमध्यें सोयाबीनच्या मळणीची धूळ, आणि उन्हाळ्यांत हळद वाळवून घोळण्याची. हंगामानंतर तो उघडून पाहावा. फिल्टर फोमचा असल्यास धुतां येतो. ऑइल लावलेला कागदी असल्यास धुवूंहि नये व हवेच्या नळीनें झाडूंहि नये. झाडल्यानें कागदाचीं छिद्रें मोठीं होतात आणि पुढची धूळ थेट सिलिंडरांत जाते. तो बदलावाच लागतो.

शोभेच्या वस्तूंपैकीं लेग गार्ड उपयोगाचें आहे, कारण गाडी आडवी पडतांना तें पाय वांचवितें. मोठा आवाज करणारा सायलेन्सर कायद्यानें वर्ज्य आहे आणि शेजाऱ्यांसहि. जादा दिव्यांचा मोह मात्र सुशिक्षितांनाहि सुटत नाहीं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा होऊन पेट्रोल विजेच्या पंपानें व संगणकाच्या हिशेबानें जाऊं लागलें आहे. पूर्वीं बॅटरी मेली तरी किक मारून घर गांठतां येई. आतां बॅटरी अगदींच खालीं गेली कीं पंप चालत नाहीं. वायरी कापून चार जादा दिवे जोडणें म्हणजे त्या हिशेबांतच हात घालणें होय.

खरें पाहतां, आहेत ते दोन दिवे नीट राखले तरी रात्रीचा प्रश्न बराच सुटतो. मागें ओझें असलें कीं गाडीचें नाक वर होतें आणि दिव्याचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. समोरचा माणूस आंधळा होतो व आपल्याला खड्डा दिसत नाहीं. भार घालून, भिंतीपासून पांचसात पावलांवर गाडी उभी करून झोत खालीं घेण्याचें काम एका स्क्रूचें आहे. मागचा तांबडा दिवा तर पाणंदींतून बाहेर येईपर्यंत मातीनें लिंपून गेलेला असतो. उंसाच्या हंगामांत वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. त्यांच्या मागें पुष्कळदां दिवा नसतो, आणि फटफटीलाहि मागें दिवा नसला म्हणजे दोन अदृश्य वाहनें एकाच सडकेवर चालतात. खिशांत एक ओलें फडकें ठेवून सडकेवर चढण्यापूर्वीं मागचा दिवा पुसावा. त्याखालीं तांबडी चकाकती पट्टी चिकटवावी. तिला वीज लागत नाहीं.

आणि शेवटीं, ज्या दिवशीं आकाश भरून आलें आहे व आंतली वाट कच्ची आहे, त्या दिवशीं गाडी फाट्यावरील एखाद्या चहाच्या दुकानापाशीं ठेवून गांवापर्यंत चालत जाणारे जुने शिक्षक अजून आहेत. त्यांच्या पायांत चिखलाची वहाण असते आणि हातांत बुटांची पिशवी. ते गाडी बाजूच्या स्टँडवर लावतांना तिच्या पायाखालीं एक चपटा दगड सरकवितात. पाऊस पडल्यावर ओल्या काळ्या मातींत तो लोखंडी पाय हळूहळू रुततो, आणि दुपारीं परत येईपर्यंत गाडी आडवी पडून टांकींतलें पेट्रोल जमिनींत जिरलेलें असतें.